पाखरांच्या गोष्टी, वाचकांचे प्रश्न : सात ग्रॅमचं केशरी पाखरू

मागच्या अंकात मोझांबिकमधल्या एका गवताळ दलदलीतला फोटो छापला होता, लव्हाळ्याच्या काडीला लटकलेला एक इवलासा पक्षी, पिवळा गळा, केशरी छाती आणि डोळ्यावरून ओढल्यासारखी लाल रेघ. फोटोखाली नाव द्यायचं राहून गेलं आणि मग पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज यायला लागले ते अजून येतायत. सगळ्यांना जागा देता येणार नाही म्हणून काही प्रश्न निवडलेत, बऱ्याच जणांनी तेच तेच विचारलंय तर त्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं.

प्रश्न : नमस्कार ताई. त्या पक्ष्याचं नाव काय? माझे आजोबा तरुणपणी मोझांबिकमधल्या बैरा शहरात नोकरीला होते, ते सांगायचे की तिथे पावसानंतर गवतात चिमणीपेक्षा लहान पिवळीधमक पाखरं थव्याने यायची. हीच का ती? (एक वाचक, डिचोली)

आजोबांनी नक्की काय बघितलं ते आता आपण खात्रीने सांगू शकत नाही, पण बैराच्या आसपासच्या ओल्या गवताळ प्रदेशात हा पक्षी राहतो एवढं खरं, त्यामुळे तेच असण्याची शक्यता भरपूर आहे. इंग्रजीत याला ऑरेंज-ब्रेस्टेड वॅक्सबिल म्हणतात, झेब्रा वॅक्सबिलही म्हणतात आणि पक्षी पाळणारे लोक गोल्डब्रेस्ट म्हणतात. शास्त्रीय नाव अमांडावा सबफ्लावा, सबफ्लावा म्हणजे खालून पिवळसर. मराठीत रुळलेलं नाव नाही, मी आपली केशरी मुनिया म्हणते आणि या पानावर तेच वापरते.

आकार किती ते डोळ्यासमोर आणायचं तर आपली घरातली चिमणी 15 सेंटिमीटरच्या आसपास असते, ही चोचीपासून शेपटीपर्यंत 9 ते 10. वजन साधारण 7 ग्रॅम, आपलं दहा रुपयांचं नाणं हिच्यापेक्षा थोडं जड भरेल. हातात ते नाणं घेऊन बघा एकदा आणि विचार करा की एवढ्याशा वजनात हृदय, फुप्फुसं, पिसं, सगळं आहे आणि वर हा जीव पाऊस-वारा झेलत दिवसभर गवताच्या शेंड्याशेंड्यावरून फिरतोय.

नराची पाठ मातकट हिरवट, डोळ्यावर लाल भुवई, चोच लाल, गळा पिवळा, छाती केशरी, कमरेवर परत लाल आणि दोन्ही कुशींवर फिक्या-गडद आडव्या पट्ट्या, झेब्रा हे नाव त्या पट्ट्यांवरून पडलंय. मादी फिकट, तिला लाल भुवई नसते, लांबून नर-मादी ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. पिल्लांची चोच आधी काळी असते, मोठी होता होता लाल होते. सहाराच्या खाली सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि तिथून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत ही सापडते, त्यातली पश्चिमेकडची आणि इथिओपियाकडची जास्त केशरी आणि दक्षिणेकडची थोडी मोठी आणि जास्त पिवळी. आजोबा पिवळीधमक म्हणत होते ना, बैरा दक्षिणेकडे येतं, तेव्हा ते वर्णनही जुळतंय.

प्रश्न : माझ्या मुलाकडे झेब्रा फिंचची जोडी आहे. झेब्रा वॅक्सबिल म्हणजे तेच ना? (फोंडा)

नाही हो. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियातला, नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो, आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला आहे. कुटुंब एकच, एस्ट्रिल्डिडी, म्हणजे मुनियांचं कुटुंब, पण देश वेगळा आणि जात वेगळी. आणि यातलं कोणीच खरं फिंच नव्हे, खऱ्या फिंचचं कुटुंब निराळंच आहे, दुकानात मात्र सगळ्यांनाच सरसकट फिंच म्हणतात त्यामुळे हा घोळ होतो.

प्रश्न : ताई, "बीकु द लाक्र" नावाचा पक्षी पोर्तुगालला माझ्या बहिणीच्या घरामागे तळ्यावर येतो, फोटोतल्या पक्ष्यासारखीच लाल चोच. तोच का? नावात लाख कुठून आली? (एक ज्येष्ठ वाचक, मडगाव)

काका, तुमच्या पत्राने खरंच खूप बरं वाटलं कारण नावाचं उत्तर तुम्हीच अर्धं दिलंत. लाक्र म्हणजे लाख, पूर्वी पोस्टात पाकिटावर लाल लाख वितळवून त्यावर शिक्का मारायचे ती. इंग्रजीत वॅक्सबिल म्हणतात ते याच लाखेवरून, चोच अशी दिसते की कोणीतरी आत्ताच गरम लाखेत बुडवून काढलीय, चकचकीत आणि लाल. बीकु म्हणजे चोच. तेव्हा पोर्तुगीज नाव आणि इंग्रजी नाव दोन्हींचा अर्थ एकच, लाखेची चोच.

पण बहिणीच्या घरामागे येतो तो बहुतेक कॉमन वॅक्सबिल, केशरी मुनियाचा नातलग. तो करडा-तपकिरी असतो, अंगभर बारीक रेघा आणि डोळ्यातून आरपार लाल पट्टा. मूळचा तोही आफ्रिकेचाच, पिंजऱ्यातले पक्षी 1964 मध्ये पोर्तुगालमध्ये ओबिदुशच्या खाजणतळ्याजवळ बाहेर सुटले आणि तिथल्या लव्हाळ्यात त्यांना इतकं मानवलं की हळूहळू देशभर पसरले.

या कॉमन वॅक्सबिलची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या घरट्यात पिनटेल्ड व्हायडा नावाचा पक्षी चोरून अंडी घालतो, आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात घालते तसं. व्हायडाचं पिल्लू घरच्या पिल्लांना बाहेर ढकलत नाही, त्यांच्याबरोबरच वाढतं. आणि ते कसं खपून जातं तर मुनियांच्या कुटुंबात पिल्लाच्या तोंडात आत टाळ्यावर ठिपके आणि नक्षी असते, प्रत्येक जातीची वेगळी, आईबाप ती बघून घास भरवतात, आणि व्हायडाच्या पिल्लाच्या तोंडात यजमानाच्या पिल्लांसारखीच नक्षी असते!

प्रश्न : आपल्याकडे हिचं कोणी नातेवाईक आहे का? फोटो बघून आईला लाल मुनिया आठवली. (पेडणे)

आईची नजर एकदम बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. अमांडावा या वंशात जगात फक्त तीन जाती आहेत. एक ही आफ्रिकेतली केशरी, दुसरी आपली लाल मुनिया आणि तिसरी हिरवी मुनिया जी फक्त भारतात सापडते, माउंट अबूच्या बाजूला आणि मध्य भारतात काही ठिकाणी, आणि तिची परिस्थिती बरी नाही, आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ती असुरक्षित गटात आहे. म्हणजे समुद्रापलीकडचा हा पक्षी आपल्या भातशेताच्या बांधावरच्या पाखराचा सख्खा चुलतभाऊ.

आणि अमांडावा हे नाव कुठून आलं माहितीय? अहमदाबादवरून. सतराव्या शतकापासून गुजरातमधून लाल मुनिया पिंजऱ्यात भरून युरोपात जात होत्या, व्यापाऱ्यांच्या तोंडी अहमदाबादचं अमदावाद, अमदावादचं अवदावत असं होत होत ते पाखराचंच नाव झालं. 1758 मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने लाल मुनियाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा अमांडावाच ठेवलं आणि पुढे तो अख्खा वंशच या नावाने ओळखला गेला, त्यामुळे ज्या आफ्रिकी पक्ष्याने आयुष्यात गुजरात बघितला नाही त्याच्याही नावात आज अहमदाबाद आहे.

दोघींमध्ये एक मोठा फरक आहे. केशरी मुनियाचा नर मोठा झाला की वर्षभर साधारण तसाच रंगीत राहतो. आपला लाल मुनियाचा नर मात्र विणीच्या दिवसांतच लालबुंद होतो, अंगावर पांढरे ठिपके, म्हणून त्याला स्ट्रॉबेरी फिंचही म्हणतात, आणि विणीचा काळ सरला की मादीसारखा मातकट होतो, फक्त कमरेवरची लाली उरते. चोचही बदलते, मे महिन्यापासून लाल व्हायला लागते, नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत गडद होते आणि एप्रिलमध्ये भराभर काळी पडते.

हे मला लहानपणी माहीत नव्हतं आणि त्याची रुखरुख अजून आहे. मी नऊ-दहा वर्षांची असताना मामाने जत्रेतून लाल मुनियाची जोडी आणली होती, बांबूच्या कामट्यांचा पिंजरा, पडवीत खुंटीला टांगलेला. रात्री दोघं दांडीवर इतकी चिकटून बसायची की दोन डोक्यांचा एकच गोळा वाटायचा, मध्येच एक मान वाकडी करायचा आणि दुसरी त्याच्या मानेवरची पिसं चोचीने हळूहळू साफ करायची. मग नराचा लाल रंग जायला लागला, चोच काळी पडली, आम्हाला वाटलं आजारी झाला. आजीने हळदीचं पाणी पाजलं, कोणीतरी म्हणालं त्याला वेगळा ठेवा नाहीतर तिलाही लागण होईल, आणि आम्ही तो वेगळ्या पिंजऱ्यात ठेवला. त्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं, तो फक्त पिसं बदलत होता. तिला हाका मारून मारून आठवड्याभरात त्याने खाणं सोडलं आणि मेला, आणि पाठोपाठ तीही गेली. तो रिकामा पिंजरा पुढे कितीतरी वर्षं पडवीत तसाच होता. ही पाखरं एकटी राहूच शकत नाहीत, त्यांचं खाणं, झोपणं, उडणं सगळं थव्यात, हे मला त्या पिंजऱ्याने शिकवलं.

प्रश्न : दिवाडीला आमच्या शेताजवळ माडावर सुगरणीची घरटी आहेत. पावसाळ्यानंतर एका रिकाम्या घरट्यात दुसराच लहान पक्षी जाताना दिसला. आफ्रिकेतला हा पक्षीही दुसऱ्याचं घरटं घेतो असं वाचलं, खरं का? (दिवाडी)

खरं आहे, आणि तुम्ही जे बघितलं ते फार छान बघितलंत. सुगरणीच्या जुन्या घरट्यात पांढऱ्या कंठाची मुनिया संसार थाटते हे आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसतं. पक्षी फिकट तपकिरी, शेपटी काळी टोकदार आणि चोच निळसर करडी होती का ते बघा, असेल तर तीच.

केशरी मुनियाचं तर गणितच त्यावर बसलेलं आहे. आफ्रिकेत आपल्या सुगरणीचे नातेवाईक आहेत, त्यातले बिशप नावाचे पक्षी पावसाळ्यात लव्हाळ्यात गवताचे गोल गोल खोपे विणतात, नर लालभडक नाहीतर पिवळा, एकेक नर बरेच खोपे विणतो. पाऊस संपत आला की त्यांची पिल्लं उडतात, खोपे रिकामे होतात, आणि नेमकं तेव्हाच केशरी मुनियाची वीण सुरू होते. जुना खोपा बघायचा, आत मऊ गवत आणि पिसं अंथरायची, झालं घर. स्वतः विणायला वेळ घालवत नाही. आणि गवताचं बी पिकायचीही तीच वेळ, म्हणजे घर तयार आणि ताटही वाढलेलं. दक्षिण आफ्रिकेत पावसाळा आपल्या उलट, तिथे ही वीण जानेवारीनंतर चालते.

अंडी पांढरी, चार ते सहा, नर-मादी दोघं आळीपाळीने उबवतात, 12 ते 14 दिवस, आणि पिल्लं साधारण तीन आठवड्यांत बाहेर पडतात. एरवी खाणं गवताचं बारीक बी, पिल्लं असताना किडेही.

म्हणून एक कळकळीची विनंती, वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, आधी शेत साफ करताना किंवा माड पाडेलीकडून, म्हणजे नारळ काढणाऱ्याकडून, उतरवून घेताना सुगरणीची जुनी घरटी कचरा म्हणून ओढून काढू नका, शोभेसाठी हॉलमध्ये टांगायला तर अजिबात नको. रिकामं दिसणारं घरटं रिकामं असेलच असं नाही, आधी दहा-पंधरा मिनिटं लांब उभं राहून कोणी ये-जा करतंय का ते बघा.

प्रश्न : महिनाभरापूर्वी बाजाराबाहेर एका फेरीवाल्याकडून "आफ्रिकन फिंच" म्हणून चार पक्षी घेतले, दोन गुलाबी, दोन पोपटी. काल पाण्याच्या वाटीत आंघोळ केली तर पाणी गुलाबी झालं. आतून तपकिरी पिसं दिसतायत आणि पोटावर खवल्यासारखी नक्षी. चोच जाड, काळसर. एक मेला. काय करू? मुलगी रडतेय. (नाव देऊ नये, उत्तर गोवा)

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि तुमच्यावर राग नाही हे आधी सांगते, फसवणूक तुमचीही झालीय. तुमच्याकडे आहेत त्या ठिपकेवाल्या मुनिया, आपल्याच शेतातल्या. तपकिरी पाठ, पोटावर खवल्यांची नक्षी, जाड काळसर चोच, दुसरं कोणी असूच शकत नाही. जाळं लावून थवेच्या थवे पकडतात, कपड्याच्या नाहीतर कसल्याही रंगात बुडवतात आणि परदेशी म्हणून विकतात. केशरी मुनियाची चोच बारीक आणि लाल असते, आणि तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तो पिसातच असतो.

भारतातल्या रानपक्ष्यांचा व्यापार 1990-91 पासून पूर्ण बंद आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली मुनिया पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं हे सगळंच गुन्ह्यात येतं. हे वाचून घाबरायला होईल, साहजिक आहे, पण लपवून ठेवू नका, तुमच्या भागातल्या वनखात्याच्या रेंज ऑफिसात स्वतःहून फोन करून झालं ते जसंच्या तसं सांगा आणि पक्षी त्यांच्या ताब्यात द्या.

तोपर्यंत काय करायचं ते सांगते. साबण, केरोसीन, शाम्पू काहीही लावून रंग काढायला जाऊ नका, चोळलं की पिसं तुटतात आणि थंडी भरते, रंग नवीन पिसं येतील तेव्हा आपोआप जाईल. तिघांना एकत्रच ठेवा, वेगळं करू नका, का ते वर लिहिलंच आहे. पिंजरा वाऱ्यापासून आडोशाला, अर्ध्यावर कापड. खायला नाचणी, राळे, आणि टरफलासकट भात, रोज नवीन, कारण आपल्याकडच्या दमट हवेत दाण्याला दोन दिवसांत बुरशी धरते आणि बुरशीने पक्षी पटकन जातात. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा ठेवा, माणकीच्या पाठीतलं ते हलकं पांढरं हाड, किनाऱ्यावर कितीतरी पडलेलं असतं, गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून धुऊन उन्हात वाळवून द्या, त्याने कॅल्शियम मिळतं.

आणि कृपा करून लगेच सोडून देऊ नका. कळतंय की मुलीला दार उघडून त्यांना उडताना बघायचं असेल. पण रंगवलेली पिसं चिकटलेली असतात, महिनाभर पिंजऱ्यात बसून पंखातली ताकद गेलेली असते, आणि हिरव्या गवतात तपकिरी पाखरू लपतं तसं गुलाबी लपत नाही, शिक्रा पहिल्याच दिवशी उचलेल. मुलीला सांगा की पिसं बदलून झाली की ते शेतात जातील, आणि रेंज ऑफिसात जाताना शक्य असेल तर तिलाही बरोबर न्या.

प्रश्न : खरी केशरी मुनिया पाळता येईल का? (वास्को)

परदेशी पक्ष्यांसाठी 2022 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात नोंदणीचे नियम आलेत, कुठल्या जातीला काय लागतं ते घ्यायच्या आधी वनखात्याला विचारा, नंतर नाही. युरोपात लोक ही पिढ्यान् पिढ्या पाळतायत, पण मोठ्या जाळीच्या खोलीत, थव्याने. फ्लॅटच्या बाल्कनीत दीड फुटाच्या पिंजऱ्यात एक जोडी ठेवायची असेल तर माझं मत विचाराल तर नको. जंगलात तिची संख्या ठीक आहे, ती धोक्यात नाही, तिला आपल्या पिंजऱ्याची गरज नाही.

प्रश्न : टीचर म्हणाल्या गोव्यात पण मुनिया दिसतात. मला कुठे दिसतील? मी सहावीत आहे. (कुडतरी)

अगं बाय, तू तर कुडतरीची! तुला कुठे लांब जायलाच नको. पाऊस सरला की सरद भात पिकायला लागतं ना, तेव्हा सकाळी सातच्या आसपास बाबांबरोबर बांधावर जा, आणि चालू नको, एका जागी बस. बांधावरचं उंच गवत बघत राहा, भाताकडे नको. वारा नसताना एखादी काडी वाकली आणि परत सरळ झाली की समज तिथे कोणीतरी आहे. ठिपकेवाली सगळ्यात आधी दिसेल. पाठीमागून कमरेवर पांढरा पट्टा दिसला तर पांढऱ्या पाठीची मुनिया, डोकं काळंभोर असेल तर काळ्या डोक्याची. करमळीच्या तळ्याला किंवा चोडणला कधी गेलीस तर तिथेही लव्हाळ्यात बघ.

लाल मुनिया कमी दिसते, तिला पाण्याकाठचं दाट गवत लागतं. डोळ्यांआधी कानांनी शोध, उडताना सगळा थवा एकदम बारीक आवाजात ची-ची करत उडतो, लांब कुठेतरी लहान घुंगरू हलवल्यासारखा. वहीत तारीख, वेळ आणि किती होत्या ते लिही, आणि नर दिसला तर चोचीचा रंग लिहायला विसरू नको. दर महिन्याला लिहीत गेलीस तर एप्रिलमध्ये ती काळी पडलेली तुला स्वतःला दिसेल, तेव्हा मला पत्र पाठव, आपण ते इथेच छापू.